टेबलाखालचं इंग्रजी

"खाली! अगं खाली म्हणतोय ना! टेबलाच्या खाली!"

इंग्रजीचे सर असे ओरडले, की घोडनदीच्या पलीकडं, दुसऱ्या जिल्ह्यातसुद्धा कुणीतरी घाबरून टेबलाखाली शिरलं असेल. मी तर शिरलेच. आठवीतली उंचेली पोरगी. दोन वेण्या. गुडघे हनुवटीला.

सरांनी वरून लाकडी पट्टी आपटली. माझ्या डोक्यावर वीज पडली.

"व्हेअर इज शी?"

"शी इज अंडर द टेबल!" अख्खा वर्ग ओरडला. मग हसला.

हे आमच्या शिरूर तालुक्यातल्या शाळेतलं प्रिपोझिशन. मराठीत 'वर' आणि 'खाली' शब्दाला मागून चिकटतात. इंग्रजीत ते आधी येऊन उभे राहतात. कोण कुठं आहे ते सांगतात. सर ते पुस्तकातून शिकवायचे नाहीत. पोरं उभी करून, बसवून, लपवून शिकवायचे. पद्धत चांगलीच होती. फक्त कोण कुठं, ते आधीच ठरलेलं.

ऑन द चेअर म्हणजे सानिका. सोसायटीच्या चेअरमनची मुलगी. बिहाइंड द डोअर, निअर द डस्टबिन, अंडर द टेबल म्हणजे मी. जात कुणी विचारली नाही. हजेरीपटात आडनावं होती. आमची घरं बुद्धविहाराच्या अंगाला, हे सरांना पहिल्या दिवशीच कळलेलं.

अजून एक नियम होता. जिच्यावर वाक्य करायचं, तिनं बोलायचं नाही. एकदा मी टेबलाखालून उत्तर दिलं, तर सर म्हणाले, "तू आत्ता वस्तू आहेस. वस्तू बोलते का?"

वर्ग पुन्हा हसला. त्या वर्षी वर्ग इतका हसला की पत्रे ढिले झाले.

टेबलाखाली मी किती बसले म्हणून सांगू? तलाठ्यानं पाहिलं असतं तर सात-बाऱ्यावर माझं नाव चढवलं असतं. वरच्या फळीला चिकटलेलं च्युइंगम, सरांच्या डाव्या मोज्याचं भोक, खालची एक फुटकी फरशी. आत शिरताना ती बरोबर गुडघ्यात रुतायची. सगळं पाठ. आणि डोळ्यांसमोर सानिकाचे बूट. चांदीसारखी बक्कल. दुधासारखे मोजे. ती खुर्चीत पाय हलवायची. मी खालून बघायची.

खरं सांगते, मला तेव्हा न्याय-बिय नको होता. मला खुर्ची पाहिजे होती. नुसती खुर्ची नाही. मी खुर्चीत, आणि ती माझ्या जागेवर. त्या खुर्चीचा पाय मनातल्या मनात मी लाख वेळा मोडला. आजही सानिकाचं स्टेटस आधी बघते, मग चहा पिते. तिच्या नव्या गाडीचा फोटो मी मोठा करून बघितला. ओरखडा शोधत होते. सापडला नाही.

दिवाळीत मी दौंडला मामाकडं गेले. मामा रेल्वेत ट्रॅकमन. क्वार्टर स्टेशनाला इतकी चिकटलेली, की मालगाडी गेली की पातेल्यातली आमटी आपोआप ढवळून निघायची. दिवसभर स्टेशनाच्या भोंग्यातून गाड्या पुकारणारी ती बाई बोलायची. आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. गाडी फ्रॉम कुठली, टू कुठं, ऑन कितवा प्लॅटफॉर्म. तेच वाक्य तीन भाषांत. मी दारात वही घेऊन बसायची. काय कशाच्या जागी येतंय ते जुळवायची. त्या बाईनं मला एकदाही वाकायला लावलं नाही.

"आगं, गाड्यांची हजेरी घेतीस का काय?" मामी म्हणायची.

"मामा, गाडी ऑन द प्लॅटफॉर्म येती म्हणं?"

"गाडी फलाटावर चढली तर मला पैलं सस्पेंड करतील," मामा म्हणाला. "रुळावरच येऊ दे बाई."

हसता हसता मी त्याला टेबलाचं सांगितलं. वाटलं, हासंल. मामा जेवायचा थांबला.

"आन् तू जातीस खाली?"

"व्हय."

"का?"

"सर म्हणत्यात."

मामानं हात धुतला. ताटात भाकरी तशीच.

"माझा सायेब हापिसात आसतो. मी रुळावर. गाडी दिसली की बाजूला कवा व्हायचं, ते मी ठरवितो. त्यो सांगंल म्हून थांबलो तर उरतोय व्हय मी?"

बस. एवढंच बोलला. पण त्या रात्रीपासून मला टेबल दिसलं की गाडीच दिसायची.

सुट्टीनंतर तपासणीच्या मॅडम येणार होत्या. आठवडाभर तालीम झाली. तेच टेबल, तीच फरशी. मी गप बसत होते. माझी तालीम वेगळी चालली होती.

त्या दिवशी मॅडम मागच्या बाकावर बसल्या. सानिका खुर्चीवर. सरांनी माझ्याकडं न बघताच बोट खाली केलं.

मी उभीच.

बोट पुन्हा खाली.

"मी न्हाई जाणार सर."

"अगं, खेळ आहे हा!" सर हसले. कपाळावरून घामाचा पाट.

"मग तुम्ही जावा. वाक्य मी करते."

पंखासुद्धा फिरायचा थांबला. मॅडम म्हणाल्या, "कर बघू."

मी सुटले. दौंड जंक्शनच्या त्या बाईसारखी, न थांबता. डस्टर इज ऑन द टेबल. सर इज बिहाइंड द टेबल. सानिका इज ऑन द चेअर. आय ॲम इन फ्रंट ऑफ द क्लास. नो वन इज अंडर द टेबल.

मॅडमनी मग सानिकासमोर पेन ठेवलं. वहीखाली. "व्हेअर इज द पेन?"

"ऑन," सानिका म्हणाली.

मॅडमनी ते डब्याच्या मागं ठेवलं.

"ऑन."

तिला कुणी कधी दुसरीकडं बसवलंच नव्हतं. मला सगळ्या जागा पाठ. माझ्या मनात इतके लाडू फुटले, की गावजेवण झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले तेच धुमसत.

"या, महाराणी. आजपासून तुम्ही खुर्चीवर. सानिका, तू खाली."

कुणी हसलं नाही. सानिका उठली. माझ्याकडं बघितलं. मग खरंच वाकली. दुधासारख्या मोज्यावरचा गुडघा त्या फुटक्या फरशीवर टेकला आणि तिनं ओठ चावला. फरशी कुठं रुतली, मला अचूक ठाऊक.

लाख वेळा मागितलेलं समोर होतं. खुर्ची रिकामी. गादी अजून गरम असणार. बसावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाटलं.

मी सानिकाच्या दंडाला धरलं आणि तिला वर ओढलं. जोरात ओढलं. माया नव्हती त्यात. ती जागा माझी होती, आणि मी ती बंद करत होते. कायमची.

"आता काय झालं?" सर ओरडले. "खुर्ची पाहिजे होती ना? मग खाली कोण बसणार?"

"डस्टर ठेवा सर."