पुढची सीट भगताची

देवाबद्दल माझं मत कधी वाईट नव्हतं. त्याच्या नावाने चालणाऱ्या कारभाराबद्दल होतं. पंचायत समितीच्या नोकरीत सभामंडपांची भूमिपूजनं आणि कमानींची उद्घाटनं इतक्या जवळून पाहिली की हात जोडायची सवयच सुटली. पत्नी महालक्ष्मीच्या दर्शनाला जायची तेव्हा मी बाहेर चपला सांभाळत बसायचो. असा माणूस अनुभव लिहायला बसला तर वाचणाऱ्याने सावध राहावं, हे योग्यच. मीही सावध आहे. घडलं तेवढंच सांगतो. पण त्यासाठी आधी शालिनीबाईंबद्दल सांगावं लागेल.

बाई डहाणूच्या मसोलीत आमच्या शेजारी राहायच्या. ऐंशीच्या दशकात त्या तलासरीकडच्या एका पाड्यावर शिक्षिका होत्या; एसटीने नाक्यापर्यंत आणि पुढे पायी. यजमान रेल्वेत गार्ड, त्यामुळे पास मिळायचा, आणि मे महिना लागला की दोघं निघायची. केदार, बद्री, जगन्नाथपुरी, रामेश्वर, एकदा पार नेपाळात पशुपतिनाथ. इतरांसारख्या गंगाजलाच्या बाटल्या त्या आणत नसत. हकिगती आणायच्या. शाळा सुरू झाली की संध्याकाळी पाड्यावर एखाद्या ओट्यावर बसून सगळा प्रवास सांगायच्या: तिकडचे लोक काय पेरतात, पाणी कुठून आणतात, पूल कसा बांधलाय. देव दिसला का, असं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "गर्दी फार होती. माझ्या पुढच्या बाईला दिसला म्हणे."

शाळेखेरीजची कामं त्यांनी स्वतःच अंगावर घेतली होती. बाळंतिणीला दवाखान्यात पोचवणं, रेशनकार्डासाठी तहसीलला खेटे घालणं, विहिरीचा गाळ काढायला माणसं उभी करणं. एका पावसाळ्यात पाड्यावरच्या एका बाईला फुरसं चावलं. पाड्याचा भगत देवजी मंत्र म्हणत राहिला, आणि गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. ती बाई गेली. आमच्या ऑफिसात त्यावर बरीच चर्चा झाली, अंधश्रद्धा हा शब्द पुष्कळदा वापरला गेला, आणि चहा आला. शालिनीबाई मात्र नारळ घेऊन थेट देवजीच्या दारात गेल्या. मी विहिरीच्या कामासाठी त्या दिवशी तिथेच होतो.

"देवजीबाबा, तुमचे देव गाडीत बसतात का?" त्यांनी विचारलं.

"बसत असतील," देवजी म्हणाला. "मी अजून बसलो नाय."

बाई हसल्या आणि त्यांनी दक्षिणेतली एक गोष्ट सांगितली. यात्रेच्या बसपुढे पुजारी नारळ फोडल्याशिवाय ड्रायव्हर बस हलवेना, आणि पुजारी तर घरी जेवायला गेलेला. "तेव्हाच मनात आलं, त्या पुजाऱ्याला बसमध्येच बसवला असता तर? आता असं करू. विंचू-साप काही झालं तर आधी गाडी. गाडी आली की तुम्ही पुढच्या सीटवर बसायचं आणि डहाणूच्या दवाखान्यापर्यंत मंत्र म्हणायचा. गाडी हलायच्या आधी नाही."

"पुढची सीट माझी?"

"तुमचीच. सरपंच असला तरी मागे."

देवजीने नारळ घेतला. मग बाई गवताच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकवाल्यांनाही जाऊन भेटल्या, कारण तिथे दुसऱ्या गाड्या येणार कुठून? मला तेव्हा ही सगळी गंमत वाटली होती. पुढच्या सीटची हौस कोणाला नसते, हे मी साहेबलोकांत रोज पाहत होतो.

नव्वदनंतर बाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी एका पहाटे झोपेतच गेल्या. शोकसभेत दोन पुढाऱ्यांनी त्यांचं आडनाव दोन वेगळ्या प्रकारे घेतलं. भगताच्या सीटबद्दल कोणी बोललं नाही. बहुधा ठाऊकच नसावं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर, गवत कापणीच्या दिवसांत, मी त्याच पाड्यावर विहिरीची पाहणी करायला गेलो होतो. भर दुपार. काठावरचा दगड पायाने सरकवला आणि घोट्याजवळ निखारा टेकल्यासारखं झालं. फुरसं वळवळत गवतात शिरताना मी पाहिलं. लोक धावले, मला सावलीत टेकवलं, आणि समोर देवजी येऊन बसला. त्या गेलेल्या बाईची आठवण होऊन मी ओरडलो, "मला मंत्र नको. दवाखान्यात न्या."

"मी कुठं म्हणतोय?" देवजी शांतपणे म्हणाला. "गाडी आल्याबिगर मी तोंड उघडत नाय. शालिनीबायला सबूद दिलाय. पोरं गेलीत रस्त्यावर. साहेब, तू पाय हलवू नको."

रस्ता ओसाड होता. गवताची गाडी सकाळीच निघून जाते, हे मला माहीत होतं. पाय सुजत चालला होता. आयुष्यभर मी इतरांच्या अर्जांवर 'पुढील कार्यवाहीसाठी' असं लिहीत आलो. त्या झाडाखाली माझ्या हातात कुठलीच कार्यवाही नव्हती. आणि तेवढ्यात गाडीचा आवाज आला. सकाळी चाक पंक्चर झालं म्हणून मनूभाई ड्रायव्हरची गवताची गाडी अडकली होती आणि आत्ता, गाठी भरून, निघाली होती. पंक्चर कोणी केलं, यावर मी वाद घालणार नाही.

मनूभाई उंबरगावकडचा, गुजराती. त्याने मला पाहिलं आणि हाक दिली देवजीला: "भगतकाका, पहिला तमे बेसो. साहेबना पाय तुमच्या मांडीवर."

गाडी हलली आणि देवजीने तोंड उघडलं. हातात तांदळाचे दाणे, डोळे मिटलेले. एकेका देवाला हाक मारत होता: हिरवा, हिमाय, वाघदेव, कणसरी, महालक्ष्मी. मी घाबरून श्वास मोजत होतो. मग नावं बदलली. केदार आला, बद्री आला, जगन्नाथ, रामेसर, पशुपती. मी डोळे उघडले. हे देव या पाड्याचे नव्हते. हा बाईंचा प्रवास होता. इतक्या वर्षांत ओट्यावर ऐकलेला प्रत्येक देव देवजीने आपल्या मंत्रात घेऊन ठेवला होता, आणि त्या ओळीत, जगन्नाथाच्या आधी, हावडाही होता. पुलाचं वर्णन बाईंनी जरा जास्तच भक्तीने केलेलं असणार.

मला हसू आलं. पाय जळत असताना हावड्याच्या पुलाला माझ्यासाठी साकडं घातलं जात होतं, आणि मी हसलो. त्या हसण्याबरोबर भीती उतरली. विष उतरलं नाही. ते डहाणूच्या सरकारी दवाखान्यात लशीने उतरलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात आणि धडपड केली नाहीत, हे बरं केलंत. मी काहीच केलं नव्हतं. एका माणसाच्या मांडीवर पाय ठेवून, दुसऱ्याच्या हातात चाक सोपवून पडून राहिलो होतो. कशाला तरी संपूर्ण स्वाधीन होण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग.

चालता यायला लागल्यावर पत्नीला घेऊन देवजीकडे गेलो. बोलता बोलता विचारलं, "एवढे देव बोलावलेस, त्यात बाईंचं नाव कसं नाही?"

देवजीने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "जो येत नाय त्याला बोलवायचा असतो, साहेब. बाय कधी बोलावून आली?"

पत्नीने डोळ्यांना पदर लावला.

आता मी चपलांजवळ बसत नाही, आत जातो. मागायचं काय, हे अजून कळत नाही. ज्याने दिलं त्याने न मागता दिलं, आणि ज्या वाटेने दिलं ती वाट एका बाईने आधीच चालून ठेवली होती. म्हणून हात जोडून फक्त नावं घेतो, बाईंनी घेतली त्याच क्रमाने. हावडा गाळत नाही.