सातवं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. प्रार्थनेत डोळे मिटले की ते ओठाशी येतं, आणि मी दुसऱ्याच कुणाच्या तरी आजारपणासाठी प्रार्थना करायला लागते. देवापुढं विषय बदलता येतो का? मला नऊ वर्षं जमलंय.

मी कळंब्याला राहते. शाळेत मराठी शिकवायची. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. म्हणूनच असेल, एका दुपारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला घरी बोलावलं. पाळकीणबाईंनी चहा दिला आणि साहेब म्हणाले, "लीलाबाई, मला आता अक्षर दिसत नाही."

काचबिंदू. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, तेवढं कुणाला न कळता, उपासना घेत पार पडावं अशी त्यांची इच्छा. पाळकीणबाईंचं शिक्षण कानडीत झालेलं, मराठी वाचताना त्या अडखळायच्या. मग मी दर शनिवारी दुपारी जायला लागले. रविवारचा बायबलमधला उतारा मी दोनदा वाचायची. पहिल्यांदा ते नुसते ऐकायचे, दुसऱ्यांदा ओठ हलवायचे. दुसऱ्या दिवशी शास्त्र समोर उघडून सगळं पाठ म्हणायचे. मंडळीत कुणाला संशय आला नाही.

आणि मी शिकत होते. हे सांगायलाच हवं. लहानपणापासून वाचलेलं शास्त्र — पण ते मधेच थांबवायचे, "ही बाई असं का बोलली असेल?" म्हणून विचारायचे, आणि मी घरी पोचेपर्यंत त्या बाईचाच विचार करत असायची. इतकं मला कुणी दिलं नव्हतं. मग त्याच माणसाशी मी —

थांबा. आधी दुसरी गोष्ट.

महिला मंडळाची अध्यक्ष नेमायची होती. सगळ्यांच्या तोंडी माझं नाव. साहेबांनी मात्र ते पुढं केलं नाही. माझी आई शेवटची दोन वर्षं गडमुडशिंगीला भावाकडे होती. ती गेल्यावर मी चारचौघींत म्हणाले होते, वहिनीनं आईला पोटभर जेवू घातलं नाही. ते खोटं होतं. वहिनीनं आईचं हगणंमुतणं काढलं. मीच महिनोन्महिने तिकडं फिरकले नव्हते. साहेबांना ते ठाऊक होतं.

"आधी वहिनींकडे जाऊन या," ते म्हणाले. "माफी मागा. मग तुमचं नाव मीच सुचवतो."

हळू बोलले. मी एकटी असताना. मग मला एवढा राग का यावा? ते खरं बोलले म्हणून. दुसरं कारण मी फार शोधलं, सापडलं नाही.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडं त्या वर्षी देवाघरी गेलेल्यांची नावं पाळक वाचतात. घरचे लोक एकेका नावाला उभे राहतात. त्या शनिवारी टाइप केलेली यादी माझ्या हातात होती. अकरा नावं. सातवं नाव रेबेका. सुमतीबाईंची एकुलती एक लेक, नर्स होती, सव्वीस वर्षांची, डेंगीनं गेलेली.

मी सहावं वाचलं, आणि आठवं वाचलं.

चुकून? नाही. रेबेकाच का, तेही सांगते. बाकीची घरं गप्प बसली असती. सुमतीबाई गप्प बसणारी बाई नव्हती.

"झाली सगळी?" साहेबांनी विचारलं.

"झाली," मी म्हणाले. दुसऱ्यांदाही तशीच वाचली.

रविवारी ते नावं म्हणत गेले. मी तिसऱ्या बाकावर होते. सहावं. आठवं. अजूनही ओरडून सांगता आलं असतं — नाही का? शेवटचं नाव झालं आणि मागून सुमतीबाईंचा आवाज आला.

"माझी रेबेका कुठं हाय, पाळकसाहेब? तिला मातीत तुमीच ठिवलीसा की!"

चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक जण तरातरा पुढं गेला, त्यानं साहेबांच्या हातातली यादी घेतली. "नाव तर हितं छापलंय! तुम्हाला दिसत न्हाय व्हय?"

साहेबांनी फक्त म्हटलं, "चूक माझी आहे." आणि ते वेदीवरून उतरले. बाकांच्या कडा चाचपत, एकेक बाक धरत ते मागं सुमतीबाईंपर्यंत गेले आणि हात जोडून उभे राहिले. त्यांना दिसत नाही, हे सगळ्या मंडळीनं तेव्हा पाहिलं. सुमतीबाईंनी तोंड फिरवलं.

पंचांनी बैठकीत विचारलं, इतके दिवस तुम्हाला वाचून कोण दाखवत होतं? साहेबांनी नाव सांगितलं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांना कामातून मोकळं केलं.

ते कुरुंदवाडला जायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. कशाला? त्यांना कळलंय का, ते बघायला. सामान बांधून झालं होतं. ते म्हणाले, "त्या दिवशी वाचताना एका ठिकाणी तुमचा श्वास अडकला होता. मला ऐकू आलं. पण पोरगी मला स्वतःला आठवायला हवी होती, लीलाबाई. ती चूक माझीच." मग पुस्तक पुढं केलं. "आज एक स्तोत्र वाचता का?"

बाहेर रिक्षा थांबलीय असं सांगून मी निघून आले. रिक्षा नव्हती.

पुढच्या वर्षी मी अध्यक्ष झाले. गडमुडशिंगीला अजून गेलेले नाही. साहेब कुरुंदवाडला आहेत. आता अजिबात दिसत नाही म्हणतात. त्यांच्याकडेही गेलेले नाही.

गेल्या महिन्यात सुमतीबाई आजारी होत्या. अध्यक्ष म्हणून फळं घेऊन गेले. भिंतीवर रेबेकाचा फोटो. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "बाकी कुणाचं न्हाय वाटत. पर ज्यानं तिला मातीत ठिवलं, त्यालाच तिचं नाव आठवंना, लीलाबाई?"

मी त्यांचा हात थोपटला. म्हणाले, "वय झालं होतं त्यांचं."