दमलीस तर कुठे बसशील?

परवाना कचेरीतल्या कोपऱ्याच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळं गाव शिक्काबाई म्हणायचं. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर नुसतं ‘बाई’, तेही जरा आवाज खाली आणून. सोळा वर्षांखालच्या पोराला शाळा सुटल्यावर दुकानात उभं राहायचं असो की घरोघरी वर्तमानपत्रं टाकायची असोत, बाईंचा शिक्का लागायचाच. शाळेच्या वेळात काम नाही, संध्याकाळी सातनंतर नाही, आणि चालत्या यंत्राच्या खोलीत तर पाऊलही टाकायचं नाही. हे नियम बाईंना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. भले भले दुकानदार त्यांच्यासमोर ओशाळवाणं हसत बसायचे.

टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. एक मालकाची, एक आईची नाहीतर बापाची, आणि मधली पोराची. काम काय आहे ते मालकाने पोराच्या देखत स्वतःच्या तोंडाने सांगायचं, अशी कचेरीची रीत होती. ते सांगून झालं की बाई मालकाला सोडून पोराकडे वळायच्या आणि विचारायच्या, “दमलास तर कुठे बसशील?”

हा प्रश्न कुठल्याही नियमात नव्हता, तो बाईंच्या पदरचा होता. लहानपणी एका सुट्टीत त्या स्वतः कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या राहिल्या होत्या, आणि पायांना ते अजून आठवत होतं. ज्या पोराने जागा डोळ्यांनी पाहिलेली असायची ते पटकन उत्तर द्यायचं. ज्याने पाहिलेली नसायची ते मालकाच्या तोंडाकडे बघायचं, आणि मग बाई शिक्का उचलायच्या आधी स्वतः चप्पल घालून दुकान बघून यायच्या. एकदा एका पोराने सांगितलं होतं, “मालकांच्या खुर्चीत, ते जेवायला गेले की.” मालकासकट सगळे हसले आणि बाईंनी तिथल्या तिथे शिक्का मारला. शेवटी पोराने स्वतःची सही करायची. नवी नवी शिकलेली सही, खाली दोन रेघा, टिंब, फराटे. ते बघायला बाईंना फार आवडायचं, पण तसं त्या दाखवायच्या नाहीत.

अशा या बाईंचा धाकटा भाऊ बेकरीवाला. दोन गल्ल्या सोडून त्याची बेकरी. माणूस सरळ, इतका सरळ की कधीकधी त्याचा राग यावा. त्याला संध्याकाळी पाव बांधून द्यायला, गिऱ्हाइकाकडे बघायला कुणीतरी हवं होतं. त्याच्या घराच्या मागे राहणारी चौदा वर्षांची मुलगी तयार होती. अंगाने इतकी बारीक की शाळेत तिला काडी म्हणत, आणि ती स्वतःही हसत हसत तेच नाव सांगायची. आई इस्पितळात साफसफाईला जायची. घरात चार पैसे आले तर हवेच होते.

तिघं येऊन बसली. भावाला समोर बघून बाईंच्या कपाळावर आठी पडली. खुर्च्यांच्या मागे बाकावर माणसं होती, आणि त्यातली निम्मी त्यांना बहीणभाऊ म्हणून ओळखत होती.

“काम सांगा,” बाई म्हणाल्या. सख्ख्या भावाला अहोजाहो.

“पुढे उभं राहून पाव बांधायचे. एवढंच,” भाऊ म्हणाला. आणि कुणी विचारलं नसताना पुढे बोलला, “मागच्या खोलीत कणीक मळायचं मशीन आहे. मध्ये कमान आहे, दार नाही. ती तिकडे जाणार नाही, पण आहे ते सांगितलं.”

बाईंनी सवयीने काडीला विचारलं, “दमलीस तर कुठे बसशील?”

“काउंटरच्या मागे उंच स्टूल आहे. काकांनी त्यावर उशी ठेवलीय,” काडी म्हणाली. “मी बसूनही बघितलं.”

याहून चांगलं उत्तर बाईंना वर्षभरात मिळालं नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्यांनी ‘दार बसवून घ्या, मग या’ असं सांगून कागद बाजूला ठेवला असता. असे कितीतरी कागद त्यांनी ठेवले होते. पण बाकावरच्या माणसांचे कान टवकारलेले त्यांना समोरच दिसत होते. बाईंनी भावाचं काम केलं, हे ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

“दार नाही म्हणजे खोली एकच,” त्या म्हणाल्या. “परवाना मिळणार नाही.”

भाऊ हळूच म्हणाला, “ताई, हेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“पुढचे कोण आहेत?” बाईंनी बाकाकडे बघून विचारलं.

त्या दिवशी बाई ताठ मानेने घरी गेल्या. कुणी बोट दाखवायला जागा ठेवली नव्हती. भाऊ मात्र त्यानंतर फिरकला नाही, फोनही केला नाही. बाईही हट्टाला पेटल्या. नियम मी केलेत का, असं त्या भाजी चिरताना स्वतःशीच बोलायच्या.

पुढच्याच आठवड्यात काडी पुन्हा आली. या वेळी शेजारच्या खुर्चीत लाँड्रीवाला होता. परीटघडीचा सदरा, जिभेवर साखर. “घड्या घालायच्या, कपड्यांना चिठ्ठ्या लावायच्या. मशीन बंद खोलीत, मध्ये चांगलं दार आहे, त्याला कडी आहे. तिचा आणि मशीनचा संबंधच नाही, बाई. माझ्याही घरात मुली आहेत.”

बाईंनी मान हलवली. त्या सकाळी बेकरीवरून येताना भावाने त्यांना बघून तोंड फिरवलं होतं, ते डोक्यातून जात नव्हतं. याच पोरीला आपण एकदा परत पाठवलं, हेही मनात टोचत होतं. आता दार आहे, कडी आहे, पोरीला काम मिळतंय. बरंच झालं, सुटलो एकदाचे, असं त्यांना वाटलं. त्यांनी शिक्का उचलला आणि मारला. काडी मधल्या खुर्चीत पुढे सरकून बसली होती, ओठ जरासे उघडे. बाईंनी ते पाहिलं आणि पोरीला सहीची घाई झालीय असं समजून कागद तिच्यापुढे केला. काडीने सही केली, खाली एक लांबलचक फराटा ओढला.

पुढे काय झालं ते बाईंना कचेरीतच कळलं. लाँड्रीत कपड्यांचे ढीग मशीनच्या खोलीत, म्हणून घड्याही तिथेच. दार होतं, पण उघडं टाकलेलं, कडीला ओल्या चादरी लटकवलेल्या. शाळेतून आलेली पोर संध्याकाळी उभ्याने पेंगायची. बसायला काही नव्हतं, तेव्हा गरम प्रेसच्या बाजूला एक बादली उलटी करून ती टेकली. डोळा लागला, तोल गेला, आणि सावरायला टाकलेला हात तापलेल्या पत्र्यावर पडला. उजवा हात. तळवा भाजला, आणि जखम भरून आली तरी दोन बोटं वाकडीच राहिली.

चौकशी झाली. लाँड्रीवाल्याला दंड झाला, लाँड्री काही दिवस बंद राहिली. साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. “तुम्ही काळजी करू नका, बाई,” ते म्हणाले. “कागद चोख आहेत. त्याने दार आहे म्हणून सांगितलं, तुम्ही परवाना दिलात. तुमच्यावर काही नाही.”

जीव भांड्यात पडायला हवा होता, तर बाईंना घास गिळवेना. साहेबांनी झापलं असतं तर बरं वाटलं असतं. खरं बोलणाऱ्याला मी दारातून परत पाठवलं आणि गोड बोलणाऱ्याला शिक्का दिला, एवढं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. इस्पितळात जायला त्या दोनदा निघाल्या. एकदा तर वॉर्डाच्या दारापर्यंत गेल्या. आत पोरीची आई निळा झगा घालून फरशी पुसत होती आणि पुसता पुसता लेकीच्या खाटेकडे बघत होती. बाई तशाच मागे फिरल्या. याची त्यांना आजही लाज वाटते.

शेवटी त्या बेकरीत गेल्या. भाऊ पिठाचे हात पुसत पुढे आला, आणि बाईंची नजर त्याच्या पाठीमागे गेली. कमानीत दार होतं. चांगलं जाड, हिरव्या रंगाचं.

“कधी बसवलंस?”

“तू नाही म्हणालीस त्याच आठवड्यात,” भाऊ म्हणाला. “सुतार पण लगेच मिळाला.”

“मग आला का नाहीस?”

“राग आला होता,” तो म्हणाला. “वाटलं, चार दिवस जाऊ देत. तिने तोवर लाँड्री धरली.” त्याने बाईंपुढे स्टूल सरकवलं. त्यावर अजून ती उशी होती. बाई काही त्यावर बसल्या नाहीत.

हात बरा व्हायला बरेच महिने गेले. मग एका दुपारी तिघं पुन्हा तीन खुर्च्यांत बसली, बेकरीवाला, आई आणि मध्ये काडी. बाकावर माणसं होती. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दार त्या आदल्या दिवशीच जाऊन, ढकलून, कडी लावून बघून आल्या होत्या. भावाने काम सांगितलं. बाई काडीकडे वळल्या.

“दमलीस तर कुठे बसशील?”

“स्टुलावर,” काडी म्हणाली. आणि मग नखाकडे बघत, तक्रारीचा सूरही न लावता बोलली, “मागच्या वेळी तुम्ही विचारलंच नाहीत, बाई. मी उत्तर तयार करून आले होते. तिथे बसायला जागाच नाही, असं सांगणार होते.”

आई चपापली. “अगं, गप.”

“तूच बजावलं होतंस ना, विचारल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून,” काडी आईला म्हणाली. “मी वाट बघत होते.”

बाईंना ते जरासे उघडे ओठ आठवले. चूक झाली गं माझी, हे शब्द त्यांच्या तोंडाशी आले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाकासमोर, सगळ्यांच्या देखत त्या ते बोलल्या. काडीने नुसती मान हलवली.

शिक्का मारून झाल्यावर बाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला. काडीने पेन डाव्या हातात घेतलं. उजवा हात मांडीवरच होता, त्यामुळे कागद दाबून धरायला काही नव्हतं आणि तो टेबलावर घसरायला लागला. बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीशी आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी कागद धरून ठेवला. एकेक अक्षर काढायला तिला वेळ लागत होता. खाली फराटा तिने ओढला नाही.