पोटावरची जाळी

ब्रिटनमध्ये कार्डिफला आले तेव्हा हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी आणि भाड्याची खोली, एवढंच माझं जग होतं. बेली डान्सच्या क्लासला गेले ती कुणाशी तरी बोलायला मिळावं म्हणून. चर्चच्या हॉलमध्ये शिकवणाऱ्या बाई मूळच्या कैरोच्या, तेव्हाच साठीच्या. आयुष्यभर रेस्टॉरंटांमधून नाचलेल्या. टेबलांमधून फिरत, कुणाला डोळा मारत, एखाद्या लाजऱ्या नवऱ्याला हात धरून उठवत त्या नाचायच्या. नंतर मी लग्न केलं, आणि डिव्होर्स झाला तेव्हा सहा महिने मी त्यांच्याच घरी जेवले.

पुढे मी स्वतः शिकवायला लागले. माझ्या जाहिरातीत 'बेली' हा शब्द नव्हता, 'ओरिएंटल डान्स' होता. ड्रेस पायघोळ. रेस्टॉरंटात नाचायचं नाही, हा माझा पहिला नियम. बाई हसायच्या. "मग माणसं भेटणार कुठे तुला?"

एका वर्षी क्लासच्या कार्यक्रमासाठी आम्ही छोटं थिएटर भाड्याने घेतलं. शेवटचा नाच बाईंचा. पुण्याहून आई आली होती, हे बाईंनाही माहीत होतं. हे भरतनाट्यमसारखंच असतं, असं मी तिला इतकी वर्षं फोनवर सांगत आले होते. रिहर्सलला बाई नेहमीसारख्या स्टेजवरून उतरून खुर्च्यांमध्ये शिरल्या. त्यातल्याच एका खुर्चीवर आई बसणार होती.

मी त्यांना बाजूला घेतलं. "तुम्ही स्टेजवरच थांबाल का? आणि उघड्या पोटावर जाळीचं कापड लावू या. लोक गंभीरपणे बघायला येणार आहेत."

"कैरोत जाळी सरकार लावायला लावायचं," त्या म्हणाल्या. "इथे तू."

त्यांनी मान हलवली आणि पर्स उचलली.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या जाळी लावून आल्या. स्टेजच्या मधोमध नाचल्या, एकही पायरी उतरल्या नाहीत. नाच अगदी बिनचूक झाला. टाळ्याही पडल्या.

गाडीत आई म्हणाली, "त्या शेवटच्या बाईंची तब्येत बरी नव्हती का गं? बाकी तुम्ही सगळ्या छान नाचलात, पण नाचणाऱ्या त्या एकट्याच वाटल्या. आणि त्याच अवघडून गेल्या होत्या. कुणी काही बोललं होतं का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानंतर बाईंनी फोन केला नाही, मीही केला नाही. हिवाळ्यात त्यांना स्ट्रोक आल्याचं त्यांच्या मुलीकडून कळलं. भेटायला गेले तेव्हा डावी बाजू गेलेली होती, बोलणं जड झालं होतं. मी त्यांचा हात हातात घेतला. माफी मागायचं ठरवूनच गेले होते.

त्यांनीच विचारलं, "तुझ्या आईला आवडलं?"

"खूप," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं. मी तिच्यासाठीच तसं केलं."

आई काय म्हणाली ते तेव्हा सांगायला हवं होतं. ते कौतुक त्यांचं होतं. पण नर्स जेवणाचा ट्रे घेऊन आली, आणि मी चमच्याने त्यांना सूप भरवत राहिले. पुढच्या शनिवारी सांगू, असं मनाशी ठरवलं. गुरुवारीच बाई गेल्या.