मागं पन एक

भवानीनगरच्या बँकेत पैसे काढायला आलेल्या माणसानं स्लिप भरून सही केली, की दिनकरतात्या ती त्याच्या हातातून घेत, उलटी करत आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवून म्हणत, "मागं पन एक." ऊसवाला असो, कारखान्याचा साहेब असो, नाहीतर अंगठा उठवणारी म्हातारी असो, तात्यांचं बोट सगळ्यांना सारखंच. हुद्द्यानं ते शिपाई होते. मॅनेजर बदलून गेला तरी लोकांना पत्ता लागत नसे, पण तात्या रजेवर असले की निम्म्या स्लिपा परत यायच्या आणि पितळी टोकन हातात धरून माणसं ताटकळत बसायची.

तात्यांना दुसरा नाद चौकशीचा. मी कारखान्यात केमिस्ट होतो. पंचाण्णव साली केनियातल्या एका साखर कारखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा बाकी सगळ्यांनी पगार विचारला. तात्यांनी विचारलं, तिथल्या बँकेत शिपाई असतो का? लिहिता न येणाऱ्याची स्लिप कोण भरतं? अंगठा चालतो का, आणि चालत असला तर शाई निळी की काळी? मला यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. "मग कळव की," ते म्हणाले. "मला कुठं जायाचं हाय तितं? पन कळाय तर पायजे."

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना ट्रॅव्हलर्स चेक दाखवायला नेले. रोख पैसे जवळ बाळगायला नकोत म्हणून पुण्याच्या बँकेतून घेतलेले पन्नास-पन्नास डॉलरचे दहा कागद. माझी सगळी शिल्लक त्यात होती. तात्यांनी हात धोतराला पुसले आणि एक चेक उजेडाकडे धरून पाहिला. मग त्यांचं बोट थांबलं. वर माझी सही होती, खाली तशीच एक रेघ मोकळी होती.

"हितं एक राह्यली की रं. पुण्याचा साहेब घाईत व्हता वाटतं."

पुण्याच्या साहेबानं इंग्रजीत भराभर काहीतरी सांगितलं होतं खरं, आणि मी मान डोलावली होती, तीही खरीच. पण परदेशी जाणाऱ्या माणसानं आपल्याला कळलं नाही असं कसं म्हणायचं? तात्यांनी टेबल पुसून दिलं. मी दहाच्या दहा सह्या केल्या. एकही रेघ मोकळी राहिली नाही म्हणून आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

ती खालची सही पैसे घेताना, तिथल्या कारकुनाच्या डोळ्यांदेखत करायची असते. वरची आणि खालची जुळली की पैसे. हे मला केनियातल्या बँकेच्या खिडकीशी कळलं. कारकुनानं चेक पाहिले, मला पाहिलं आणि चेक परत सरकवले. हे कागद तुझेच कशावरून, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. पगाराला अजून महिना होता. कारखान्यानं घर दिलं होतं, पण घरात ना स्टो, ना भांडं. चार दिवस मी रोज त्या बँकेत जाऊन बसलो. जेवण कारखान्याच्या वॉचमनकडे, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि पाला. पहिल्या दिवशी ती मला गिळेना आणि चौथ्या दिवशी मी मागून घेतली. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या मॅनेजरला दया आली. त्यानं पासपोर्ट ताडून पाहिला, चेक उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवून म्हणाला, माझ्यासमोर इथं सही कर. मला हसूच फुटलं. तो बिचारा बावरला.

त्या रात्री मी तात्यांना पत्र लिहिलं. नोटेवर कोणाचं चित्र, बँकेत शिपाई आहे पण तो खाकी कोट घालतो, अंगठा चालतो, शाई काळी. आणि शेवटी लिहिलं, 'तात्या, इथंही मागं सही केल्यावरच पैसे मिळाले.' खोटं एक अक्षर नव्हतं. चार दिवसांचं मात्र मी गाळलं. म्हाताऱ्याला उगाच कशाला लागेल, असं वाटलं.

दोन वर्षांनी सुट्टीवर आलो. पेढे घेऊन बँकेत गेलो, तर तात्यांनी पुडा घेतला नाही. मला बाहेर लिंबाखाली नेलं.

माझं पत्र त्यांनी साऱ्या शाखेला वाचून दाखवलं होतं. पुढं कोऱ्हाळ्याची सुनंदा, नर्स, आखातात निघाली. बापानं गाय विकून दिलेले पैसे तिनं अशाच चेकांत घातले होते. तिला तात्यांनी माझं पत्र दाखवलं आणि दोन्ही रेघांवर सह्या करवून घेतल्या. मागंसुद्धा. तिच्या नशिबी तसला मॅनेजर नव्हता. चेक परत ते काढणाऱ्या कंपनीकडे गेले आणि पैसे सुटायला सात महिने लागले. तोवर पोरगी दुसऱ्या नर्सांच्या ताटात जेवली.

तेव्हा कुठं मी माझ्या चार दिवसांचं सगळं सांगितलं, वॉचमनच्या उगालीसकट, आणि वर काहीतरी पुटपुटलो. तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून, असं काहीसं.

"मला वाईट वाटंल म्हनून तू लिवलं न्हाईस," तात्या सावकाश म्हणाले. "आता मला लई बरं वाटतंय का, बघ."

तसंच मला एसटीत घालून ते कोऱ्हाळ्याला घेऊन गेले. सुनंदाच्या बापापुढं हात जोडून म्हणाले, "चूक माजी. झाकली ह्यानं." त्या माणसानं आम्हाला चहा पाजला.

परत निघालो तेव्हा माझ्याकडे नवे चेक होते. तात्यांनी ते मागून घेतले, खालच्या मोकळ्या रेघेवरून नुसतं बोट फिरवलं आणि परत दिले. मग माझ्या खिशातलं पेन काढून आपल्या खिशाला लावलं. "ह्ये हितंच ऱ्हाऊ दे. तितं गेल्यावर दुसरं घे. आन् चुकलास तर ते आधी लिव. नोटंवरचं चित्र मागनं."

त्यानंतर मी तसंच लिहीत गेलो. दुकानदारानं मोड कमी दिली ते, घरभाडं एकाच महिन्यात दोनदा भरलं ते, पैसे घरी पाठवताना फॉर्मवर बापाचं नाव चुकवलं ते. तात्या ती पत्रं शाखेत मोठ्यानं वाचत, आणि परदेशी निघालेलं कोणी आलं की त्याला खाली बसवून ऐकवत. तात्या गेले तेव्हा मी तिकडेच होतो. त्यांच्या मुलानं माझी सगळी पत्रं परत धाडली. पहिल्याच पत्रात, 'पैसे मिळाले' याच्या खाली, माझ्याच पेनानं आणि तात्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं : चार दिवस दुसऱ्याच्या ताटात.