सावकाश सरांच्या गाडीची ताकद

त्यांना सगळे सावकाश सर म्हणतात. खरं नाव विचारलं तर शेजारीसुद्धा डोकं खाजवतील. अख्खी नोकरी त्यांनी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काढली, आणि तीही शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर. समोर दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग, आपल्या पायाखाली शिकवणाऱ्यासाठी बसवलेला तो जादा ब्रेक, आणि तोंडात एकच शब्द: सावकाश. वळण आलं, सावकाश. कुत्रं आडवं आलं, सावकाश. घरी जेवताना कुणी घाईत घास घेतला तरी सरांच्या तोंडून तेच निघायचं, आणि टेबलाखाली पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. सवय हो, दुसरं काय!

निवृत्त झाले तेव्हा स्कूलने निरोपाच्या हारतुऱ्यांबरोबर ती जुनी गाडीच देऊन टाकली. पांढरी होती म्हणे एकेकाळी. टपावरची पाटी काढली तरी तिची खूण राहिली, आणि शेजारच्या सीटपुढचा तो जादा ब्रेकही राहिला. सरांनी गाडी अशी पुसली, अशी पुसली, की बायको म्हणाली, "लग्नात माझ्याकडेसुद्धा एवढं निरखून पाहिलं नव्हतंत." त्या दिवसापासून सर स्टिअरिंगवर आणि बाई शेजारच्या सीटवर, मांडीवर भली मोठी पिशवी घेऊन. बाजार, दवाखाना, नातेवाईक, सगळं सुखात चाललं होतं.

मग लेकीने नवं घर घेतलं, आणि तेही कुठे, तर गावाबाहेरच्या टेकडीच्या माथ्यावर. वारा छान, उजेड छान, सगळं छान. पण तिथे जायचा रस्ता म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी. पहिल्याच खेपेला गाडी अर्ध्या चढावर धापा टाकायला लागली, जळका वास आला आणि बंद पडली. सर सुरू करतात, ती बंद पडते. मागे गाड्यांची रांग लागली, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. त्यातल्या एका गॅलरीत दातांचा डॉक्टर उभा होता, सरांचाच जुना विद्यार्थी. तो वरून ओरडला, "सर, हाफ क्लच! हाफ क्लच!"

आता सांगा. ज्या माणसाने पंचक्रोशीला चढावर गाडी उचलायला शिकवलं, त्याला हे ऐकायची पाळी! सरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्याच डॉक्टरने खाली येऊन चाकाला दगड लावला, तीन-चार जणांनी गाडी वळवून दिली. तेवढ्यात लेक चालत खाली आली, सातवा महिना लागलेला, एक हात कमरेवर. म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी खालीच थांबत जा. हे येतील तुम्हाला न्यायला."

पोरगी बोलली ती मायेनेच. पण सरांना ते तोंडात मारल्यासारखं लागलं. रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी चहा पिताना बायकोला म्हणाले, "बाळंतपणाला तुला वर सोडायचंय ना? मी सोडणार. आपल्या गाडीने, आपल्या इंजिनावर. आणि तेव्हाही चढली नाही, तर गाडी भंगारात, आणि माझं लायसन्स कपाटात. पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही."

बाईंना माहीत होतं, हा माणूस उगाच शब्द देत नाही.

गाडीची ताकद वाढवायची म्हटल्यावर उंटावरच्या शहाण्यांना काय तोटा! केस कापणारा म्हणाला, टर्बो बसवा. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, इंजिनच मोठं टाका. ते काका आयुष्यभर सायकलवर फिरले, पण सल्ला द्यायला काय लागतं? शेवटी सर गेले मेहुण्याकडे.

मेहुणा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. त्याचं गॅरेज आहे, आणि धंदा काय, तर हौशी लोकांच्या गाड्या अधिक जोरात पळतील असं करून द्यायचं. म्हणजे एका घरात एकाने लोकांना हळू चालवायला शिकवावं आणि दुसऱ्याने त्याच लोकांच्या गाड्या भन्नाट करून द्याव्यात. इतकी वर्षं दोघे एकमेकांची टिंगल करत आले होते.

"काय म्हणालात, भाऊजी? ताकद?" मेहुण्याने पाना खाली ठेवला. "परत एकदा म्हणा. जरा मोठ्याने. सगळ्या गॅरेजला ऐकू दे."

"हसून घे," सर म्हणाले. "झालं की सांग."

पोटभर हसून झाल्यावर मात्र तो कामाचं बोलला. "नवीन काही लावायच्या आधी आहे ते धड करू. आजारी माणसाला व्यायामशाळेत पाठवून काय उपयोग?" त्याने प्लग बदलले, तेल बदललं, टायरमधली हवा बघितली. ब्रेक उघडले आणि भुवया उंचावल्या. "भाऊजी, हे पॅड मीच गेल्या वर्षी घातलेत. एवढ्यात संपले? घासता काय रस्त्याला?"

"शिकाऊंची गाडी ती. खोड असेल," सर म्हणाले. गाडीला कशी खोड असेल, हे दोघांनीही विचारलं नाही.

मग वजन कमी करायचं ठरलं. डिकीतून निघाले प्लास्टिकचे शंकू, जुन्या पाट्या, एक मोडकी खुर्ची आणि छत्र्यांची एक मोळी. मेहुण्याने कपाळाला हात लावला. शेवटी तो शेजारच्या सीटपुढे वाकला. "आणि हा जादा ब्रेक. कशाला बाळगताय हे लोखंड? काढून टाकतो."

सरांचा जीव वरखाली झाला. त्या पेडलवर त्यांचा बूट झिजला होता, कितीजणांचे जीव त्यानेच वाचवले होते. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत बाईच बोलल्या. त्या डबा घेऊन आल्या होत्या. "राहू दे रे तो. तुझं काय खातोय?" आवाज असा की भावाने मुकाट्याने पाना खिशात घातला. सरांना भरून आलं. आपल्या भावना हिला किती कळतात!

आता पहिला बदल कोणता करायचा, यावर दोघांची बैठक बसली. मेहुणा समजावत होता: इंजिनाला मोकळी हवा मिळाली तर ते जोर करतं, म्हणून चांगला एअर फिल्टर आणि हवेची रुंद नळी. धूर लवकर बाहेर पडला तरी जोर वाढतो, म्हणून मोकळा सायलेन्सर. आणि इंजिनाला पेट्रोल केव्हा, किती द्यायचं हे ठरवणारा गाडीतला छोटा संगणक असतो, त्याची गणितं नव्याने बसवता येतात. "टर्बोबिर्बो विसरा. या इंजिनाला तो लावणं म्हणजे आजोबांना शर्यतीत पळवणं."

सरांनी दोन दिवस विचार केला. त्यांचं शिकवण्याचं तत्त्वच होतं, एका वेळी एकच गोष्ट शिकवायची, म्हणजे चूक कुठे झाली ते कळतं. "आधी हवा," ते म्हणाले. "श्वास नीट असला की बाकीचं जमतं."

फिल्टर आणि नळी बसली. मेहुण्याला शेजारी बसवून सरांनी गॅरेजमागच्या चढावर गाडी घातली, तर काय, सुळकन वर! दोघे खूश. दुसऱ्या दिवशी बायकोला दाखवायला म्हणून पाण्याच्या टाकीकडच्या चढावर नेली, तर पुन्हा तीच रड. अर्ध्यावर गाडी जड झाली, कुंथायला लागली, कशीबशी पोचली.

झालं, मग सायलेन्सर. गाडीचा आवाज असा घोगरा झाला की जिन्यातली मांजर कायमची दुसऱ्या इमारतीत राहायला गेली. मेहुण्याबरोबर गाडी पुन्हा वाऱ्यासारखी. बायकोबरोबर पुन्हा रडकी. मग संगणकाची गणितं बदलली. सरांना ते फार आवडलं. शिकवणी लावण्यासारखंच होतं ते. एकटे घेऊन गेले तर गाडी अशी उडाली की त्यांनी स्वतःलाच "सावकाश!" म्हणून दटावलं. आणि संध्याकाळी बाई शेजारी बसल्या, की टाकीच्या चढावर गाडीला पुन्हा दम लागला.

मेहुण्याने हात टेकले. "माणूस बघून चालते की काय ही? घोडं पेंड खातंय कुठे, तेच कळेना. ताई, तुझं वजन..."

"पुढे बोल," ताई म्हणाली. "बोल ना. लहानपणी माळ्यावर कोंडलं होतं ते विसरलास वाटतं."

त्याने पटकन बॉनेट उघडून डोकं आत घातलं.

दिवस भरत आले. लेकीचा फोन आला, आईला आता पाठवा. आणखी काही बदलायला वेळही नव्हता. सरांनी सकाळी गाडी पुसली, बाईंची बॅग डिकीत ठेवली. मांडीवरची पिशवी नेहमीसारखी मांडीवर. मेहुणा आपल्या गाडीतून मागे निघाला, गाडी ओढायचा जाड दोर बरोबर घेऊन. सरांनी तो दोर पाहिला आणि मान फिरवली.

टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. सुरुवात झकास झाली. पहिल्या वळणापर्यंत इंजिन गात होतं. मग चढ उभा झाला, आणि गाडी जड व्हायला लागली. सरांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं, पण चाकं काही ऐकेनात. तोच जळका वास. संपलं, ते मनात म्हणाले. भंगार.

तेवढ्यात मागून मेहुण्याचा हॉर्न सुरू झाला, थांबायचं नावच नाही. सरांनी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. मेहुणा धावत खिडकीशी आला. "भाऊजी! ब्रेकवर पाय कशाला ठेवलाय? खालपासून मागचे लाल दिवे पेटलेले आहेत!"

"माझा पाय ॲक्सिलरेटरवर आहे!" सर कडाडले.

"मग काय भूत दाबतंय?"

दोघांनी हळूहळू मान वळवून शेजारच्या सीटकडे पाहिलं. बाईंनी पिशवी आणखी घट्ट धरली. सरांनी ती उचलली. खाली, त्या जादा ब्रेकवर, बाईंचा पाय होता. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलेला.

"काखेत कळसा," मेहुणा एवढंच म्हणाला आणि रस्त्यातच खाली बसला.

"अगं," सर म्हणाले. "केव्हापासून?"

"गाडी आली तेव्हापासून," बाई समोर बघत म्हणाल्या. "सपाटीला नाही दाबत मी. गर्दीत थोडा. चढ आला की वाटतं, आता मागे घरंगळणार. मग दाबते."

"मी गाडी चालवत असताना? माझ्यावर विश्वास नाही?"

आता बाई वळल्या. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. "विश्वासाचं काय घेऊन बसलात? जन्मभर तुम्ही या सीटवर बसून लोकांच्या पोरांना सांभाळलंत. तुम्ही तिकडे बसल्यावर तुम्हाला सांभाळायला इथे कुणी नको? मला गाडी येत नाही. पण हा ब्रेक तेवढा येतो. म्हणून दाबत होते."

सरांना हसू आलं, आणि रडूही आलं. सगळ्या नोकरीत त्या सीटवर बसून ते जे करत आले, ते कुणीतरी त्यांच्यासाठी करत होतं, आणि त्यांना पत्ताही नव्हता. त्यांनी तिची पिशवी मागच्या सीटवर ठेवली.

"पाय काढ," ते म्हणाले. आणि जन्मभराच्या सवयीने पुढे म्हणाले, "सावकाश."

बाईंनी पाय उचलला आणि डोळे गच्च मिटले. सरांनी क्लच अर्ध्यावर आणला, हँडब्रेक सोडला. तसूभरही मागे न येता गाडी उठली, आणि मग फिल्टर, सायलेन्सर, शिकवणी, सगळ्याची ताकद एकदम सुटली. गाडी अशी सुसाट निघाली की बाई किंचाळल्या, सर खदखदा हसायला लागले आणि मेहुणा दोर घेऊन खालीच राहिला. गॅलरीतून डॉक्टर टाळ्या वाजवत होता. सरांनी त्याला हॉर्न दिला, चांगला लांबलचक.

माथ्यावर लेक दारातच उभी होती. "बाबा! आलात? एवढ्या जोरात?"

"जोरात कुठे," सर म्हणाले. "सावकाशच."

मागून मेहुणा पोचला तो पाना काढूनच. "सरका, भाऊजी. आधी तो जादा ब्रेक उपटतो. सगळा खटाटोप फुकट घालवलात दोघांनी मिळून."

बाई त्या पेडलकडे बघत राहिल्या.

"हात लावू नकोस," सर म्हणाले. "तिचा आहे तो."

मग बायकोकडे वळून म्हणाले, "चढ माझ्यावर सोड. तुला न्यायला येईन तेव्हा उतार आहे ना सगळा, तेव्हा दाब हवा तेवढा."