गोलात बसलेल्या बाई

आज मी महाडात टिकून आहे ती त्या समुपदेशनवाल्या बाईंमुळे. मी लातूरकडची, सातवीत शाळा सुटलेली. इथल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. नवी आले तेव्हा माझ्या छातीत सारखी धडधड व्हायची आणि काम सोडून गावी पळून जावंसं वाटायचं.

एके दिवशी कॉलेजात या बाईंचं, मुलांनी मोकळं बोलण्याचं शिबिर होतं. चहा घेऊन गेले तर बाई सतरंजीवर, मुलांच्याच गोलात बसलेल्या. कुणी बोललं की मान तिरकी करून ऐकायच्या. बोलायची पाळी आली की प्रत्येकजण वर्गातल्यासारखा उभा राहून आधी रोल नंबर सांगायचा.

जवळच्या कापडे गावची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, मला झोप नाय येत."

"लेक्चरला बरी येते गो तुला!" एक मुलगा ओरडला. सगळे हसले.

बाई हसल्या नाहीत. मुलीचा हात धरून त्यांनी तिला खाली बसवलं. "बसून बोल. उभं राहिलं की आपण परीक्षेतलं उत्तर देतो."

मग ती खरं बोलली. नापास झाल्याचं तिनं घरी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी सरकून माझ्यासाठी जागा केली. "ताई, तुम्हीपण या."

मी घाबरत बसले. "माझ्या छातीत धडधड होते," एवढंच म्हणाले.

तो ओरडणारा मुलगा हळूच म्हणाला, "माझ्यापण होते, ताई."

हे माझ्या एकटीचं नाही हे कळलं, आणि गावी पळून जायचा विचार तिथंच मागे पडला. नुसतं ऐकून बाई एवढ्यांना बोलतं कसं करतात, याचं मला अजून नवल वाटतं. एक दिवस त्यांना लातूरला नेईन आणि आईच्या हातची गरम भाकरी पोटभर खाऊ घालीन.